पझलमध्ये अटॅक लगेच दिसतो, मग गेममध्ये नेमकी चाल का सापडत नाही?

पटावरचा_पाहुणा:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात असलेला प्रश्न विचारतो. मी बुद्धिबळात रॅपिड (कमी वेळाचे गेम) खेळतो, रेटिंग १५०० च्या आसपास घुटमळतंय, पझल (पोझिशन देऊन चाल शोधायला लावणारी कोडी) मात्र त्याच्या बऱ्याच वरच्या लेव्हलची सुटतात. आता पझलला बसलं की आधीच माहीत असतं ना की इथे काहीतरी आहे, त्यामुळे माणूस शोधत राहतो आणि सापडतं. गेममध्ये कोणी येऊन सांगत नाही की बाबा आता शोध. आणि समजा वास आला की इथे अटॅक आहे, तरी नेमकी कुठली चाल हे कळत नाही, दोन सॅक्रिफाईस (मुद्दाम मोहरं देणं) बघतो, दोन्ही चालत नाहीत असं वाटतं आणि शेवटी कॅसलिंग (राजा-हत्ती एकाच चालीत हलवून राजा सुरक्षित करणं) करून मोकळा होतो.

उदाहरण देतो. फ्रेंच डिफेन्स नावाचं ओपनिंग होतं, माझ्याकडे पांढरी मोहरी. काळ्या घरांचे उंट बदलले गेलेत. पांढरा: राजा ई१, वजीर डी१, हत्ती ए१ आणि एच१, उंट डी३, घोडे सी३ आणि एफ३, प्यादी ए२, बी२, सी२, डी४, ई५, एफ२, जी२, एच२. काळा: राजा जी८, वजीर ई७, हत्ती ए८ आणि एफ८, उंट सी८, घोडे बी८ आणि डी७, प्यादी ए७, बी६, सी७, डी५, ई६, एफ७, जी७, एच७. चाल माझी.

उंटाने एच७ चं प्यादं मारायचं, उंट देऊन राजा बाहेर ओढायचा, हे कोणालाही दिसेल, ग्रीक गिफ्ट म्हणतात तेच. पण राजाने उंट घेतला आणि घोडा जी५ वर शह द्यायला गेला की ई७ चा वजीर सरळ घोडा खातो, विषय संपला. म्हणून मी तो विचार सोडला आणि कॅसल केलं. नंतर इंजिन (चाली मोजणारा कॉम्प्युटर प्रोग्राम) लावलं तर वरच्या चालींमध्ये एच४ दिसली. एच प्यादं दोन घरं, बस्स. माझा प्रश्न असा की ही एच४ पटावर बसून कशी सुचते? एवढ्या चाली आहेत, त्यात हीच बघावी असं डोक्यात यायला काय करायचं?

ढाई_मिनिट_ब्लिट्झ:
जास्त विचार करू नका हो. शह दिसला की द्या, राजाजवळचं प्यादं दिसलं की फोडा, समोरचा पण माणूस आहे, त्याला पण घाम फुटतो. तो जुना अटॅकिंग खेळाडू मिखाईल ताल काय सगळं मोजून खेळायचा का? बऱ्याच सॅक्रिफाईस नंतर चुकीच्या निघाल्या, तरी १९६० ला बॉटविनिकला हरवून वर्ल्ड चॅम्पियन झालाच ना.

अडीच_घर:
@ढाई_मिनिट_ब्लिट्झ, तालचं नाव घेऊन वजीर फेकणारे रोज भेटतात. तो जे द्यायचा त्याच्या बदल्यात त्याची बाकीची सगळी मोहरी आधीच राजाभोवती उभी असायची, आणि समोरच्याला घड्याळ चालू असताना एकच बरोबर बचाव शोधावा लागायचा. इथे पाहुण्याच्या पोझिशनमध्ये घोडा फुकट जातोय, काळ्याला शोधायला काही लागतच नाही, वजिराने घोडा घ्यायचा झालं. तालनेही ते केलं नसतं.

आता मूळ प्रश्न. @पटावरचा_पाहुणा, तू निम्मं काम केलंस आणि मग पान उलटलंस. तू लाईन मोजलीस: उंट एच७, राजा घेतो, घोडा जी५ शह, वजीर घोडा खातो. इथे तू म्हणालास चालत नाही आणि सोडलंस. मी काय करतो सांगू का, जी लाईन चालत नाही तिथेच थांबतो आणि विचारतो की नेमकी कशामुळे चालत नाही? उत्तर इथे एका वाक्यात येतं, जी५ वर घोड्याला आधार नाही. काळ्या घरांचा उंट असता तर सी१ वरून त्याने आधार दिला असता, पण तो गेलाय. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो, जी५ ला आधार कोण देऊ शकतं? एच प्यादं. ते एच४ ला नेलं की झालं. म्हणजे एच४ ही चाल आकाशातून पडत नाही, ती तुझ्या फसलेल्या लाईनमधूनच निघते.

आता एच४ नंतर तीच लाईन परत चालवून बघ. उंट एच७ शह, राजा घेतो, घोडा जी५ शह, वजीर घोडा खातो, आता प्यादं वजीर खातं आणि गंमत म्हणजे प्यादं एच फाईलवरून (पटाच्या उभ्या रांगेवरून) हललं की मागचा एच१ चा हत्ती शह देतो. तू उंट आणि घोडा दिलास, वजीर आणि एक प्यादं मिळालं. (तू कॅसल केलंस ना, तेव्हा हा हत्ती एफ१ ला गेला आणि अर्धा अटॅक तिथेच संपला. अटॅकच्या आधी कॅसलिंग नेहमी चांगलंच असतं असं नाही.) आणि काळ्याने घोडा न खाता राजा परत जी८ वर नेला तर वजीर एच५, एच७ वर मात करायची धमकी. तो एफ८ चा हत्ती सरकवून राजाला जागा करेल, मग वजीर एच७ शह, राजा एफ८, वजीर एच८ मात. ई७ वर त्याचाच वजीर उभा, एफ७ आणि जी७ वर त्याचीच प्यादी, पळणार कुठे.

शह, मार, धमकी या क्रमाने चाली बघा हे सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण लोक त्यात शह आणि मार बघून थांबतात. धमकीवाली चाल बऱ्याचदा शह आणि मार मोजल्यावरच सापडते, कारण काय कमी पडतंय ते मोजल्याशिवाय कळत नाही.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे फिशर विरुद्ध बेन्को, अमेरिकेची चॅम्पियनशिप, १९६३-६४ ची, जिथे फिशरने ११ पैकी ११ गेम जिंकले. फिशरकडे पांढरी. वजीर एच५ वर, उंट डी३ वर, मध्ये ई४ वर स्वतःचंच प्यादं. काळा राजा एच८, उंट जी७, वजीर ई८. कोणीही ई५ बघेल, प्यादं पुढे गेलं की डी३ च्या उंटाची रेघ उघडते आणि एच७ वर मात. पण ई५ ला काळा एफ५ खेळतो आणि एका दगडात दोन पक्षी, उंटाची रेघ परत बंद आणि एफ७ मोकळं झाल्याने ई८ चा वजीर थेट एच५ च्या वजिरावर. तुमच्या आमच्यासारखा इथे म्हणेल चालत नाही आणि दुसरं काहीतरी खेळेल. फिशरने विचारलं असणार की का चालत नाही? एफ प्यादं पुढे जातं म्हणून. मग ते पुढे जाऊच द्यायचं नाही. हत्ती एफ६! एकोणिसावी चाल. हत्ती सरळ जी७ च्या उंटाच्या तोंडात. उंटाने घेतला तर एफ६ वर त्याचाच उंट अडकून बसतो, एफ प्यादं हलत नाही, आता ई५ आणि एच७ वरची मात थांबत नाही. बेन्कोने घेतला नाही, राजा जी८ केला, फिशर ई५, काळा एच६, आणि मग फिशरने घोडा सी३ वरून ई२ ला मागे घेतला. शांतपणे. बेन्कोने तिथेच गेम सोडला. एकविसाव्या चालीला, आणि शेवटची चाल घोडा मागे!

हत्ती एफ६ लोक जीनियसची चाल म्हणून दाखवतात, आहेच, पण ती सापडण्याचा रस्ता आपल्याला पण चालता येतो असं माझं मत आहे. आपल्या गेममध्ये ती इतकी सुंदर नसेल, एच४ सारखी साधी असेल.

प्यादेमात:
अडीच घर, मस्त लिहिलंय. फक्त एक भर. एच४ नंतर चाल काळ्याची आहे हे विसरू नका, तो काय गप्प बसणार नाही. तो एच६ ढकलेल किंवा एफ५ किंवा एफ६. म्हणजे एच४ गेम जिंकून देते असं नाही, ती काळ्याला राजासमोरचं एखादं प्यादं हलवायला लावते, आणि तेच तर हवं असतं. एच६ केलं की उंट मारायचा बेत गेला पण आता जी४, जी५ करून फाईल उघडता येते, एच६ चं प्यादं म्हणजे तुम्हाला पकडायला हूक मिळाला. प्यादी मागे येत नाहीत, एवढं एक लक्षात ठेवलं तरी अर्धे अटॅक समजतात.

आणि काळ्याने बी६ का केलं होतं ते पण बघा. उंट ए६ ला आणून डी३ चा उंट बदलायचा आहे त्याला. तो बदलला गेला की एच७ वर कोण बघणार? म्हणजे हातात वेळ एका चालीचा होता. अटॅक आत्ताच करायचा की सावकाश, हे कसं ठरवायचं विचारतात लोक, तर समोरच्याची पुढची चांगली चाल कोणती ते बघायचं. ती तुमचं अटॅकचं मोहरंच काढून घेत असेल तर आत्ताच.

पटावरचा_पाहुणा:
वा, हे कोणी असं समजावून सांगितलं नव्हतं. पण एक शंका, घोडा जी५ शहानंतर राजा जी६ वर आला तर? एच४ केलेलं आहे असं धरून. मला तिथे एच५ शह दिसतो, तो बरोबर का?

अडीच_घर:
बघायलाच पाहिजे अशी चाल आहे पण घाई करू नकोस. एच४ का केलं होतं? जी५ च्या घोड्याला आधार द्यायला. तेच प्यादं एच५ ला गेलं की घोडा उघडा पडला, आता राजा स्वतःच घोडा खाऊ शकतो. नंतर त्याला पटाच्या मध्यापर्यंत हाकलता येईलही पण ते नीट मोजावं लागेल. म्हणून आधी वजीर डी३ शह बघ, मग वजीर जी४ बघ, एच५ तिसरी. ग्रीक गिफ्टमध्ये राजा जी८ वर परत गेला की सोपं असतं, खरी परीक्षा जी६ आणि एच६ ची. काळ्या घरांचा उंट सी१ वर असेल तर एच६ वर आलेल्या राजाला घोडा ई६ वर मारून उघडा शह बसतो आणि डी८ चा वजीर पण जातो, तुझ्या पोझिशनमध्ये ना तो उंट आहे ना वजीर डी८ ला आहे. म्हणून पुस्तकी पॅटर्न तसाच्या तसा लावायचा नाही, प्रत्येक वेळी राजाची तिन्ही घरं मोजायची.

तसंच अजून एक बारीक गोष्ट. नेहमीच्या ग्रीक गिफ्टमध्ये राजा जी८, वजीर एच५, हत्ती ई८ नंतर लोक लगेच वजीर एच७ शह देतात. तिथे आधी एफ७ चं प्यादं मारून शह द्यायचा, राजा एच८, मग वजीर एच५ शह, राजा जी८, वजीर एच७ शह, राजा एफ८, वजीर एच८ शह, राजा ई७, वजीर जी७ मात. एफ७ आधी का मारायचं? कारण ते प्यादं तिथे राहिलं तर शेवटी जी७ वरच्या वजिराचा शह ई७ पर्यंत पोचतच नाही, मध्ये एफ७ आडवं येतं. मात तीच, घरं तीच, पण एका प्याद्याने फरक पडतो.

काळे_मोहरे:
सगळे कसा अटॅक करायचा बोलतायत, करायचा का यावर कोणीच नाही. पहिला वर्ल्ड चॅम्पियन स्टाइनिट्झने एकोणिसाव्या शतकातच सांगून ठेवलंय की आधी पोझिशनमध्ये काहीतरी वरचढ असायला हवं, मगच अटॅक. मी साधं बघतो, राजाच्या बाजूला माझी किती मोहरी पोचू शकतात आणि त्याची किती वाचवायला येऊ शकतात. आणि सेंटर बंद आहे का. पाहुण्याच्या पोझिशनमध्ये डी४ ई५ विरुद्ध डी५ ई६ असं सेंटर जाम आहे, काळ्याचे वजिराच्या बाजूचे हत्ती, उंट, घोडा तिघे घरीच बसलेत. म्हणून एच४ चालते. सेंटर उघडं असेल आणि तुम्ही बाजूला प्यादी पळवत बसलात तर तो मध्येच फोडतो आणि तुमचा राजा ई१ वर.

ऍरोनियन विरुद्ध आनंद, टाटा स्टील स्पर्धा २०१३, नक्की लावून बघा. पांढऱ्याने घोडा जी५ ला आणला आणि तेराव्या चालीला एच७ वर मारला, पुढे गेला तो एकटाच घोडा. आनंद काळ्या मोहऱ्यांनी खेळत होता, त्याने त्या घोड्याकडे बघितलंही नाही, स्वतःचा घोडा जी४ ला नेला, एच२ वर मात करायची धमकी. ती थांबवायला पांढऱ्याला एफ४ करावं लागलं आणि त्याच्या राजाचा जी१ चा कर्ण उघडा झाला. मग उंट सी५, प्याद्याच्या तोंडात. मग दुसरा घोडा ई५, तो पण प्याद्यांच्या तोंडात. बी७ आणि सी५ चे दोन्ही उंट राजाकडे तोंड करून. तेविसाव्या चालीला ऍरोनियनने सोडलं. एच७ वर मारणारा पांढरा आणि अटॅक झाला काळ्याचा!

वजीरविना:
काळे मोहरे, बरोबर. त्यात अजून एक जोडते. अटॅकमध्ये काय खेळावं सुचत नसेल तर सगळ्यात निकम्मं मोहरं कुठलं ते बघा आणि ते आणा. मॉर्फीचा तो पॅरिसच्या ऑपेरातला गेम सगळ्यांना पाठ असतो, १८५८ चा, सतरा चालींचा, शेवटी वजीर देऊन हत्तीने मात. सगळे शेवटचा वजीरच बघतात. मला त्यातली चौदावी चाल आवडते. तेराव्या चालीला एका हत्तीने डी७ वर मारलं, काळ्याने हत्तीने घेतलं, आणि चौदाव्याला मॉर्फी काय करतो तर कोपऱ्यातला दुसरा हत्ती डी१ वर आणून ठेवतो. शह नाही, मार नाही. काळा पिनमध्ये अडकलाय (मोहरं हललं तर मागचा राजा उघडा पडतो), तो कुठे जात नाही, मग घाई कसली. त्या हत्तीनेच शेवटी डी८ वर मात केली.

आपल्या लेव्हलला दोन-तीन मोहऱ्यांनी अटॅक करतात आणि ए१ चा हत्ती गेम संपेपर्यंत झोपलेला असतो.

ढाई_मिनिट_ब्लिट्झ:
हे सगळं ठीक आहे पण रॅपिडमध्ये एवढा वेळ कुठे आहे? दहा मिनिटांच्या गेममध्ये मी का चालत नाही, कोण निकम्मा, सेंटर बंद की उघडं, एवढं सगळं विचारत बसलो तर फ्लॅग पडेल, म्हणजे घड्याळातला वेळच संपेल.

वजीरविना:
प्रत्येक चालीला नाही हो विचारायचं. काहीतरी बदललं की विचारायचं. त्याने राजासमोरचं प्यादं हलवलं, राजाजवळचा घोडा एफ६ वरून निघून गेला, एखादी फाईल उघडली, नाहीतर त्याचं एखादं मोहरं आधाराशिवाय उभं राहिलं. पाहुण्याच्या गेममध्ये घोडा एफ६ वरून डी७ ला गेला तेव्हाच घंटा वाजायला हवी होती, एच७ राखणारा तोच होता. अशा वेळी मिनिटभर द्यायचं, बाकी चाली पटापट खेळायच्या. वेळ सगळीकडे सारखा वाटला तर नेमकं जिथे लागतो तिथे उरत नाही.

पटावरचा_पाहुणा:
हे पटलं. मग प्रॅक्टिस कशी करायची? पझल तर करतोच.

प्यादेमात:
पझल करा पण थीम लपवून. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर थीम निवडून सोडवता येतात, "पिन" म्हणून निवडलं की तुम्हाला पिनच दिसणार, मग उपयोग काय. मिक्स ठेवा. आणि तिथे शांत चालींची म्हणून वेगळी थीम आहे, ती मात्र मुद्दाम आठवडाभर करून बघा, तिथे नुसते शह देऊन पझल सुटत नाही, डोक्याला वळण लागतं.

दुसरं म्हणजे सोडवताना पहिली चाल सुचली की लगेच माऊस हलवायचा नाही. समोरच्याचा सगळ्यात चिवट बचाव शोधायचा आणि त्याला उत्तर मिळालं की मगच खेळायचं. पझलमध्ये चूक झाली तर लाल क्रॉस येतो आणि पुढचं पझल, गेममध्ये मोहरं जातं.

अडीच_घर:
आणि स्वतःचे गेम. स्टॉकफिश इंजिन लगेच लावू नका. गेम संपला की जिथे तुम्हाला अटॅकचा वास आला होता ती पोझिशन काढा, जी लाईन फसली होती ती लिहा, कुठल्या घरावर, कुठल्या मोहऱ्यामुळे फसली ते एका ओळीत लिहा, मग ती अडचण काढणाऱ्या चाली शोधा, आणि हे सगळं झाल्यावर इंजिन लावा. इंजिन तुम्हाला एच४ सांगेल, पण का ते सांगणार नाही, प्लस एक पॉइंट काहीतरी एवढंच दाखवेल. का, ते तुमच्या कागदावर आधीच असलं पाहिजे.

@पटावरचा_पाहुणा, त्या पोझिशनवर आता एच४ नंतर काळा एफ५ खेळला तर तू काय खेळशील ते लिही बघू. हिंट, शेजारून दोन घरं गेलेल्या एफ प्याद्याला ई५ चं प्यादं जाता जाता (एफ६ वर जाऊन) मारू शकतं, पण मारायचंच असं नाही.

पटावरचा_पाहुणा:
आधी वाटलं की मारूनच टाकावं, मग बघितलं की एफ६ वर मारलं की त्याचा घोडा डी७ वरून एफ६ ला परत येतो आणि एच७ परत राखतो, एफ फाईलवर हत्ती पण मोकळा होतो. म्हणजे मारण्यात त्याचंच काम होतंय. न मारता जी४ कसं वाटतं? एफ५ च्या प्याद्याला धडक द्यायची, घेतलं तर जी फाईलकडे रस्ता आणि डी३ च्या उंटाची रेघ परत मोकळी.

काळे_मोहरे:
जी४ मोजण्यासारखी आहे. फक्त त्याने एफ५ वरून जी४ वर मारलं की तुझ्या एफ३ च्या घोड्यावर धमकी येते आणि एफ फाईलवर त्याचा हत्ती समोर असतो, तेव्हा घोडा जी५ ला जातो का आणि तिथून वजिराला जी४ मिळतो का, एवढी लाईन पूर्ण कर आणि मग टाक इथे.